वारा दाखवेल तो चॅनेल

दोन कंपन्यांचं भांडण झालं आणि ऑटिलियाच्या घरचा एक चॅनेल गेला. बाकीचे दोनशे जागच्या जागी होते. त्यांतल्या निम्म्यांवर नटलेल्या बायका अंगठ्या विकत होत्या आणि उरलेल्यांवर बाप्ये मासे धरत होते. ऑटिलियाला अंगठी नको होती, आणि मासा कसा धरायचा ते तिला त्या बाप्यांहून बरं माहीत होतं. तिला हवा होता बिस्मार्क शहरातल्या टीव्ही स्टेशनचा चॅनेल, कारण येत्या गुरुवारी त्याच्यावर तिची नात दिसणार होती.

नात म्हणजे टेसा, मुलाची मुलगी. शाळेच्या बास्केटबॉल संघात होती. शाळा एवढीशी, की जिला दोन पाय आहेत ती पोरगी संघात. पण यंदा कुणाच्या पुण्याईनं कोण जाणे, हा संघ राज्याच्या सामन्यांना निघाला आणि पाठोपाठ गावही निघालं. बँक बंद, कॅफे बंद, न्हावीसुद्धा चालला. मागे राहणार होते ते गुडघे गेलेले, आणि ज्यांच्या गाई विणार होत्या ते. ऑटिलियाचा नवरा राइनहोल्ड, त्याच्या गाई मार्चातच वितात, आणि गाईला सांगता येत नाही की बाई, दोन दिवस दम धर, बास्केटबॉल आहे. राइनहोल्ड घरी म्हणजे ऑटिलियाही घरी. अडलेल्या वासराला ओढायला दोन माणसं लागतात, आणि त्या कामात राइनहोल्डला दुसरं माणूस चालत नसे.

टेसाचं तोंड उतरलं होतं. तेव्हा ऑटिलियानं तिला सांगितलं, "तिथं येऊन मला काय दिसणार? पुढच्याची टोपी. घरी बसून तुझ्या नाकावरचा घाम दिसेल. एकूण एक मिनिट बघेन, जा." आणि तेवढ्यावर न थांबता रविवारी चर्चच्या कॉफीला तिनं जाहीर केलं, की ज्यांचं जाणं होत नाही त्यांनी आमच्याकडे यावं, आमचा टीव्ही भिंतीएवढा आहे. ऑटिलियाचा शब्द म्हणजे सिमेंट. ओला असेपर्यंत काय ते बोलून घ्यावं. वाळला की फोडायला घण लागतो.

सोमवारी सकाळी चॅनेलच्या जागी निळा पडदा आणि त्यावर बारीक अक्षरं. आठवीत शाळा सुटली म्हणून ऑटिलियाला वाचता येत नाही असं नाही. तिनं चष्मा पुसला आणि सगळं वाचलं. छपरावरच्या छत्रीतून चॅनेल देणारी कंपनी म्हणत होती की स्टेशनचा मालक अवाच्या सवा मागतोय, आणि आम्ही तुमच्यासाठी लढतोय.

"माझ्यासाठी लढतायत," तिनं राइनहोल्डला सांगितलं. "मी कधी सांगितलं होतं?"

राइनहोल्ड अंडं खात होता. अंडं खाताना तो मत देत नाही.

ऑटिलियानं फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग यंत्राची बहीण बोलली, मग बासरी वाजायला लागली. बासरी सुरू झाली तेव्हा तिनं पीठ मळायला घेतलं होतं; बासरी थांबली तेव्हा पीठ फुगून पातेल्याबाहेर डोकावत होतं. शेवटी एक गोड आवाजाची पोरगी आली. तुमचा दिवस कसा चाललाय, असं तिनं विचारलं. चांगला चालला असता तर तुला कशाला फोन केला असता, असं ऑटिलियानं तिला समजावून सांगितलं. पोरगी म्हणाली, दोष सगळा स्टेशनचा. हा घ्या त्यांचा नंबर, त्यांना खडसवा. ऑटिलियानं नंबर कॅलेंडरवर लिहिला आणि स्टेशनला खडसवायला गेली. तिथली पोरगी म्हणाली, दोष सगळा कंपनीचा. हा घ्या त्यांचा नंबर. तो लिहिताना ऑटिलियाच्या लक्षात आलं की हा कॅलेंडरवर आधीच आहे. झुंज बैलांची आणि चुरा कुंपणाचा, म्हणतात ते हे. वर दोन्ही बैल कुंपणाला सांगतात की दुसऱ्याला शिंग मार.

तरी तिनं पुन्हा पहिल्या पोरीला गाठलं. बिस्मार्कचा देता येत नसेल तर दुसऱ्या गावचा द्या, तोच सामना तिथंही असेल. पोरगी म्हणाली, तसं कायद्यात बसत नाही, तुमचा जिल्हा बिस्मार्कच्या वाट्याला आहे. म्हणजे जो माझा आहे तो देता येत नाही, आणि जो देता येतो तो माझा नाही? पोरगी म्हणाली, अगदी बरोबर समजलात. आणि समजूत म्हणून मासे धरायचा आणखी एक चॅनेल फुकट देऊन टाकला.

इंटरनेटवर बघता येतं असं सून सांगत होती. पण ऑटिलियाचं घर ओढ्याकाठच्या खळग्यात. तिथं इंटरनेट म्हणजे पडद्यावर एक चक्र फिरत राहतं, तेवढंच. रेडिओ होता, पण रेडिओवर त्या दुपारी दुसऱ्याच शाळेचा सामना.

सल्ला मागावा लागला नाही. सल्ला आपल्या पायांनी आला, तोही लंगडत. रूबेन शॉक हा पलीकडच्या शेतावरचा, गुडघे गेलेला, बायको गेलेला. त्याच्याकडे सल्ला आणि भंगार दोन्ही मुबलक. कॉफी ओतून होण्याआधीच तो म्हणाला, की हे चॅनेल हवेतून फुकट येतात. आपल्या लहानपणी यायचे तसेच अजून येतात. लोक विसरले, एवढंच. एक अँटेना लावली की झालं.

"फुकट?" ऑटिलियानं विचारलं. "मग आम्ही इतकी वर्षं भरत होतो ते?"

रूबेननं सांगितलं की ते बिस्मार्कहून उचलून आकाशात नेतात आणि आकाशातून तुझ्या छपरावर टाकतात, त्याचे.

ऑटिलियाला हे काही केल्या पचेना. जे दाराशी येऊन उभं आहे ते उचलून आभाळात न्यायचं आणि परत दाराशी टाकायचं, ही कसली हमाली? पण त्याहून तिला दुसऱ्याच गोष्टीचा चाळा लागला. दुपारभर काम करता करता ती हवेकडे बघत होती. म्हणजे आत्ता, या घडीला, बिस्मार्कच्या बातम्या या स्वयंपाकघरातून चालल्यात. ओव्हनच्या वरून, पडद्याच्या आरपार. कुणाचं गाणं, कुणाचं प्रवचन, कुणाचं हवामान, सगळं तिच्या कणकेतून जातंय आणि कणकेला पत्ता नाही. तिनं एकदा हात हवेत धरूनही पाहिला. राइनहोल्डनं दारातून पाहिलं आणि तो परत गोठ्यात गेला.

संध्याकाळी हर्थाचा फोन आला. हर्था वरच्या टेकाडावर राहते. ऑटिलियाचं आणि तिचं तरुणपणी एका कुखनवरून वाजलं होतं. कुखन म्हणजे आपला सायीचा, फळं घातलेला केक. जत्रेत पहिला नंबर कुणाच्या कुखनला यायला हवा होता याबद्दल दोघींचं एकमत होतं. फक्त 'माझ्या' या शब्दाचा अर्थ वेगवेगळा होता. हर्था म्हणाली, माझ्या पोरानं मागेच खिडकीला कागदासारखी एक चपटी अँटेना चिकटवून दिलीय, आरशासारखं दिसतं. तेव्हा गुरुवारी सगळ्यांनी माझ्याकडेच या. तुझी अडचण झाली असं ऐकलं.

ऑटिलिया म्हणाली, अडचण कसली, आमची अँटेना उद्याच लागतेय.

फोन ठेवल्यावर तिनं राइनहोल्डला सांगितलं की आपली अँटेना उद्या लागतेय.

रूबेनच्या कोठारातून अँटेना निघाली. गवत ओढायच्या दाताळ्याएवढी, आणि निम्म्या दातांवर चिमण्यांनी केलेले पांढरे उपकार. आधी ती खिडकीत धरली. त्यातून आला तो फक्त एक पाद्री, तोही कमरेपासून वर आणि हिरवा. मग छपरावर नेली. छपरावर पाद्रीही गेला. बिस्मार्क आग्नेयेला, आणि नेमकी आग्नेयेला राइनहोल्डच्या आज्यानं वारा अडवायला लावलेली झाडांची भिंत. मग धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर चढवली. तिथं चित्र आलं, पण कुंपणातली वीज टिकटिक करायची आणि प्रत्येक टिकटिकीला बातम्या देणारी बाई चौकोन चौकोन होऊन विस्कटायची, जणू कुणी तिला चाळणीतून काढलं. कुंपणाची वीज बंद केली तर चित्र उत्तम. पण मग गाई ऑटिलियाच्या बागेत.

अँटेना अजून वर गेली पाहिजे, रूबेन म्हणाला. आणि तिघांनीही एकदम पवनचक्कीकडे पाहिलं.

पवनचक्की जुनी, घरापासून हाकेच्या अंतरावर. विहिरीवर मोटर बसल्यापासून तिला काही काम नव्हतं. तिचं डोकं गंजून केव्हाच अडकलं होतं. वारा कुठूनही येवो, तोंड वायव्येला, शेपटी आग्नेयेला. शेपटी बिस्मार्कला. हे म्हणजे देवानंच बोट करून दाखवल्यासारखं झालं. राइनहोल्ड कमरेला दोर बांधून वर चढला. ऑटिलिया खालून त्याला पाय कुठं ठेवायचा ते सांगत होती, आणि तो ऐकू येत नसल्यासारखा दुसरीकडे ठेवत होता. त्यानं अँटेना शेपटीकडे तोंड करून चक्कीच्या डोक्यावर नटबोल्टनं अशी आवळली की चक्की पडेल, पण अँटेना पडणार नाही.

आत चित्र लागलं. आरशासारखंच काय, आरशाहून बरं. आरशात ऑटिलियाला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. तिनं तडक हर्थाला फोन करून हवामान विचारलं. वर म्हणाली, हवामान मला इथं दिसतंच आहे, पण तुझ्याकडच्या चॅनेलवर काय सांगतायत?

राइनहोल्ड खाली उतरला, हात पुसले, आणि आयुष्यात क्वचित दाखवतो तसं समाधान दाखवत म्हणाला, "वर गेलोच होतो, तर डोक्याला ग्रीस देऊन आलो. किती वर्षं कोरडं होतं बिचारं."

आता हे असं आहे. या माणसाला कोरडी बिजागरी दिसली की राहवत नाही. पाहुणा म्हणून गेला तर लोकांच्या दारांना तेल घालून येतो. बायकोशी आठवडाभर बोलणार नाही, पण बेअरिंगला उपाशी ठेवणार नाही. त्यात वाईट काही नाही; चांगला गुणच म्हणायचा. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फिरला, आणि इतक्या वर्षांनी सुटलेली पवनचक्की आनंदानं गरकन् वाऱ्याकडे वळली. डोक्यावरची अँटेनाही वळली.

वारा दक्षिणेचा होता. टीव्हीवर उत्तरेकडचे लोक हॉकीची चर्चा करत होते.

राइनहोल्ड पुन्हा चढायला निघाला, पण रात्री पाऊस पडून गोठला होता आणि शिडीच्या पायऱ्यांवर काच चढली होती. शिवाय त्याच सकाळी दोन गाई व्यायला बसल्या. तो म्हणाला, मार्चात वारा वायव्येवाचून येतो कुठून, गुरुवारी आपसूक येईल. त्यानंतर ऑटिलिया दर तासाला दारात जाऊन बोट ओलं करून वर धरायला लागली. पश्चिमेचा वारा असेल तर जुने घोडेस्वारांचे सिनेमे. नैर्ऋत्येचा असेल तर मायनट गावाकडचा एक शांत गृहस्थ लाकडी बदकं रंगवतो. खरं सांगायचं तर ते बदकवालं तिला आवडलं. तो पंखाला हिरवा देणार की निळा, या विचारात तिच्या हातून एकदा सूप उतू गेलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी राइनहोल्डनं जेवताना विचारलं की आता काय आहे, तर तिनं खिडकीबाहेर बघून सांगितलं, "झाडं उजवीकडे झुकलीत, म्हणजे घोडे."

गुरुवारी पहाटे वारा वायव्येचा होता. बिस्मार्क लख्ख. ऑटिलियानं दोन कुखन भाजले, सॉसेज उकडायला ठेवलं, केस बसवले. दुपारी रूबेन आला आणि बरोबर खुर्चीवर घालायची उशी घेऊन आला. आणि त्याच्यामागून, कुणी न बोलावता, हर्था आली. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं. ताटात काय आहे ते ऑटिलियानं विचारलं नाही. फडक्याच्या घडीवरूनच ओळखलं.

"तुझ्याकडे आरशासारखं दिसतं ना?" ऑटिलिया म्हणाली.

"दिसतं की," हर्था म्हणाली आणि कोट काढून बसली.

मुली मैदानात उतरल्या. टेसा कोणती ते ऑटिलियानं बोटानं दाखवलं, आणि तेवढ्यात बाहेर छपरावरून बर्फाचं पाणी टपटपायला लागलं. हवा एकदम कोमट झाली. पवनचक्की कुरकुर न करता, ग्रीस घातलेल्या गुळगुळीत मानेनं वळली. मैदान चौकोनात फुटलं आणि त्यातून बदकवाला निघाला.

रूबेननं पडद्याला थाप मारली. हर्थानं काढलेला कोट मांडीवर ओढला, आणि ते ऑटिलियाला बोलण्याहून लागलं. राइनहोल्ड गोठ्यात, एक कालवड अडलेली. पोरीला शब्द दिलेला. ऑटिलिया उठली, राइनहोल्डचे बूट घातले आणि तशीच चिखलातून चक्कीखाली जाऊन उभी राहिली.

तिच्या माहेरीही पवनचक्की होती. वादळ आलं की ती बंद करायचं काम तिचं असायचं. खाली एक दांडा असतो. तो ओढला की तारेनं वर शेपटी मिटते आणि चाक वाऱ्याला तोंड द्यायचं सोडून कूस वळवतं. चाक कूस वळवील, तर डोक्यावरची अँटेना काय वेगळी जाणार आहे? तिनं दांड्याला लोंबकळून ओढला. वरती गंज कण्हला. चाक हळूहळू फिरलं, अँटेना फिरली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूबेनचा आवाज आला की आलं, आलं, तशीच राहा.

तशीच राहा म्हणणं सोपं. दांडा अडकवायचा आकडा राइनहोल्डनं कधीच काढून वासरांच्या फाटकाला लावला होता. सुतळीनं बांधून पाहिला. पण वारा काही सरळ येत नाही, हेलकावे देत येतो. झोत आला की जरा ओढायचा, गेला की जरा सोडायचा. गाईची धार काढताना हाताला कळतं तसं कळावं लागतं. सुतळीला ते कुठून कळणार? म्हणून जिला सामना बघायचा होता ती बाहेर वाऱ्यात, आणि जे सोबत म्हणून आले होते ते आत कोचावर.

रूबेन खिडकीतून बातमी देत होता. त्याच्यासारखा बातमीदार शत्रूला मिळो. टेसा काय करतेय विचारलं तर म्हणे, पळतेय. कुणीकडे? तर म्हणे, सगळ्यांबरोबर. मग बराच वेळ तो पंचाच्या पोटाबद्दल बोलला. ऑटिलियाचे हात बधिर झाले, नाक वाहायला लागलं. आतून एकदा ओरडा झाला. चांगला की वाईट ते कळेना, आणि रूबेनच्या तोंडात सॉसेज होतं.

मागचं दार वाजलं. हर्था कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून चिखलातून येत होती.

"सरक," ती म्हणाली. "कितपत ओढायचा?"

"तुला नाही जमायचं."

"आमची चक्की तुमच्याहून उंच होती. सरक."

ऑटिलिया सरकली नाही. "तू तुझ्या घरी का नाही बसलीस? तुझ्याकडे चित्र येतं ना?"

हर्थानं दांड्यावर हात ठेवला, ऑटिलियाच्या हाताच्या वरच. "चित्र येतं गं," ती म्हणाली. "पण 'बघ बघ' म्हणायला शेजारी कोणी लागतं की नाही? जा आत. ती माझी नात नाही."

यावर काहीतरी झणझणीत बोलायला हवं होतं.  झोत आला की कसं ओढायचं तेवढं ऑटिलियानं दाखवलं आणि ती आत गेली.

आणि मग तिनं पाहिलं. पोरगी केवढी झाली होती. घरात खांदे पाडून चालते, ताट उचलायला दहादा सांगावं लागतं. आणि इथं हात पसरून अशी उभी, की समोरचीला वाट सापडू नये. एकदा पडली, गुडघा चोळला, उठली. ऑटिलिया खुर्चीच्या टोकावर. रूबेननं सांगितलं की आपण एका गुणानं मागे आहोत आणि घड्याळ संपत आलंय, म्हणजे आता जे काय होईल ते हेच. चेंडू टेसाकडे आला. ती एकीला चुकवून निघाली, दुसरीला चुकवून निघाली. रूबेन गुडघे विसरून उभा राहिला आणि दोघं मिळून असे ओरडले की खिडकीची काच हलली. टेसानं उडी घेतली.

आणि चित्र थांबलं.

या खेपेला बदकवाला आला नाही; कोपऱ्यात दोन-चार चौकोन विस्कटले होते, बाकी सगळं जागच्या जागी. टेसा हवेत. पाय जमिनीपासून सुटलेले, हात उंच, आणि चेंडू बोटांच्या शेंड्यावर, गेला न गेला असा. क्षणभर ऑटिलियाला वाटलं की पोरगी खरंच इतका वेळ वर राहिली.

मग खिडकीत हर्थाचं नाक दिसलं, काचेला चिकटलेलं.

"दांडा?" ऑटिलियानं विचारलं.

"आत एवढा गलका केलात," काचेपलीकडून हर्था म्हणाली. "मला कळायला नको?"

ऑटिलिया तिला काय बोलली असती ते बोलायची वेळच आली नाही, कारण फोन वाजला. सून होती, शॉना. मागे नुसता कोलाहल, आणि ती हमसून हमसून रडत होती. आई, तुम्ही बघितलंत का, बघितलंत का, एवढंच म्हणत होती.

ऑटिलियानं पाठ ताठ केली. "बघितलं तर," ती म्हणाली. "सगळं बघितलं. तू आधी डोळे पूस आणि पोरीला काहीतरी खायला घाल." आणि तिनं फोन ठेवला.

तोवर हर्था आत आली होती आणि गोठ्यातून राइनहोल्डही, बाह्या वर केलेला, कालवड आपणहून सुटली म्हणून खुशीत. तिघंही तिच्याकडे बघत होते.

"मग?" रूबेन म्हणाला. "गेला का चेंडू आत?"

"विचारलं नाही."

"शॉना काय म्हणाली?"

"रडत होती."

"कसलं रडणं?"

"ती लग्नातही रडते आणि मयतालाही."

हर्था म्हणाली, अगं मग परत लाव फोन आणि विचार. ऑटिलियानं तिच्याकडे असं पाहिलं की हर्थानं ताटावरचं फडकं काढून कुखन कापायला घेतला. राइनहोल्डनं बूट काढले आणि खुर्ची ओढून बसला. कुणी टीव्हीला हात लावला नाही. कुणी दांड्याकडे गेलं नाही. बाहेर चक्की वाऱ्याकडे तोंड करून सावकाश फिरत होती.

"किती उंच गेलीय बघ," ऑटिलिया हर्थाला म्हणाली.